स्कूटर कंपनीची, फुटपाथ आपला

२०१८ च्या पावसाळ्यात औंधला एका मित्राकडे गेलो होतो. जिन्याखाली एक सायकल उभी होती. घरची नव्हे, भाड्याची. अ‍ॅप उघडा, कोड स्कॅन करा, कुलूप आपोआप उघडेल, काम झालं की रस्त्याकडेला सोडून द्या, अशी. गंमत म्हणजे तिच्या मागच्या चाकात कंपनीच्या कुलपाशिवाय आणखी एक कुलूप होतं, जाड साखळीचं. वॉचमनकाकांना विचारलं, "ही कुणाची?" ते म्हणाले, "तिसऱ्या मजल्यावरच्यांची. त्यांचा मुलगा रोज क्लासला नेतो की."

सगळ्या शहरासाठी आलेली सायकल काही महिन्यांत तिसऱ्या मजल्याची झाली होती. तेव्हा मी हसलो आणि विसरलो. पण नंतर बातम्या येत राहिल्या. पॅरिसने २०२३ मध्ये भाड्याच्या ई-स्कूटर हद्दपार केल्या. २०२४ मध्ये माल्टा, मेलबर्न आणि माद्रिदनेही तेच केलं. आणि इकडे मुंबई-बंगळुरूत छोट्या भाड्याच्या ई-स्कूटरवरून किराणा आणि जेवण घरोघरी पोचतंय. एकीकडे 'प्रदूषण नाही, गर्दी नाही' म्हणून शहरं या गाड्यांना ओवाळून घेतात आणि चार वर्षांत बाहेरचा रस्ता दाखवतात. असं का होतं?

एक खुलासा आधीच करतो. युरोप-अमेरिकेतली भाड्याची ई-स्कूटर म्हणजे आपली अ‍ॅक्टिव्हा नव्हे. लहान मुलं एक पाय टेकवत ढकलतात त्या खेळण्यातल्या स्कूटरची ती मोठी बहीण. दोन छोटी चाकं, मध्ये उभं राहायची फळी, उंच हँडल, खाली बॅटरी. आपल्याकडे मात्र भाड्याची ई-स्कूटर बसून चालवायची असते. गाडी वेगळी, भानगड एकच.

तासावरची सायकल आठवतेय?

चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांना आठवत असेल. प्रत्येक पेठेत, प्रत्येक तालुक्याच्या गावी एक सायकलचं दुकान असायचं. तासावर सायकल मिळायची. दुकानदार वहीत नाव, वेळ आणि सायकलचा नंबर लिहायचा. ओळख नसेल तर 'कुणाचा रे तू?' असा प्रश्न यायचा, आणि वडिलांचं नाव सांगितलं की काम व्हायचं. उशीर झाला तर दुसऱ्या तासाचे पैसे. चेन तुटली तर बोलणी.

या धंद्यावर महापालिकेने खास नियम केल्याचं कधी ऐकलंत? गरजच पडली नाही. सायकली उभ्या राहायच्या त्या दुकानदाराच्या जागेत, भाडं तो भरायचा, शॉप अ‍ॅक्टचं लायसन्स त्याच्या भिंतीवर टांगलेलं असायचं. सायकल परत यायची ती त्याच ओट्याशी. आणि कुणाकडे आहे हे वहीत असायचं.

अ‍ॅपवाल्या धंद्यात वही आणखी पक्की झाली. ओट्याची जागा मात्र दुकानातून उठून फुटपाथवर गेली. सायकल जिथे उभी तिथेच दुकान. हजार सायकली म्हणजे शहरभर विखुरलेले हजार ओटे, आणि एकाचंही भाडं नाही. शहरं जे नियम करतात त्यातले बहुतेक या एका गोष्टीतून निघालेत. वरवर ते वाहनाचे नियम दिसतात. खरं तर ते जागेचे आहेत.

स्टँडची आणि बिनस्टँडची

कल्पना जुनी आहे. १९६५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये काही बंडखोर तरुणांनी सायकली पांढऱ्या रंगवल्या आणि बिनकुलपाच्या रस्त्यावर सोडल्या. ज्याला हवी त्याने न्यावी. पोलिसांनी त्या उचलून नेल्या, कारण तिथे सायकल बिनकुलपाची सोडणं नियमाविरुद्ध होतं. म्हणजे सार्वजनिक सायकलीवरची पहिली सरकारी कारवाई जप्तीची होती!

मग कोपनहेगनने १९९५ मध्ये सुपरमार्केटच्या ट्रॉलीसारखी युक्ती काढली. नाणं घाला, सायकल सुटेल. परत लावा, नाणं मिळेल. पण नाणं टाकणाऱ्याचं नाव कुठेच नोंदलं जात नव्हतं, आणि एका नाण्यापेक्षा सायकल केव्हाही महाग. नंतर कार्ड आलं, नाव आलं, आणि २००७ च्या जुलैत पॅरिसची 'वेलिब' आली. लोखंडी खांबांची रांग, प्रत्येक खांबाला सायकल अडकवायची. नेताना इथून, सोडताना शहरातल्या दुसऱ्या कुठल्याही खांबाला. खर्च सुरुवातीला एका जाहिरात कंपनीने उचलला. बदल्यात शहराने तिला सुमारे १,६०० जाहिरात फलक दिले. आपल्याकडे म्हैसुरूची 'ट्रिन ट्रिन' याच जातीची, २०१७ च्या जूनमध्ये ४५० सायकलींनिशी सुरू झालेली.

अशा योजनेत भांडणं कमी होतात, कारण खांब कुठे बसवायचा हे आधीच ठरवावं लागतं. पण खांब महाग. खोदाई, वीजजोडणी, परवानग्या. तेव्हा चिनी कंपन्यांनी २०१५-१६ च्या सुमारास खांबच काढून टाकला. कुलूप सायकलीतच, त्यात सिमकार्ड आणि जीपीएस. कुठेही सोडा. याला धंद्यात 'डॉकलेस' म्हणतात. मी बिनस्टँडची म्हणतो. खर्च एकदम खाली आला. आणि आजवर खांबामुळे जो प्रश्न शहराला आधी विचारावा लागत होता, 'ठेवू कुठे?', तो विचारायची गरजच उरली नाही.

हातगाडीला परवाना, मग अ‍ॅपला का नको?

आपल्या चौकातला वडापाववाला घ्या. त्याच्या हातगाडीला पथविक्रेता प्रमाणपत्र लागतं. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात कुठे बसता येईल, कुठे नाही, याचे विभाग आहेत. एका शहरात किती विक्रेते सामावून घ्यायचे याचाही आकडा कायद्यातच आहे, लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत. चार फूट जागा वापरून धंदा करणाऱ्याला एवढी तपासणी, आणि पाच हजार गाड्या फुटपाथवर मांडणाऱ्याला काहीच नाही?

कंपन्यांचं उत्तर ठरलेलं असतं: आम्ही धंदा मांडलेला नाही, गाडी पार्क केली आहे. पार्किंग कुणीही करतो.

हा वाद जर्मनीत कोर्टात गेला. २००९ मध्ये हॅम्बुर्गच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने म्हटलं की भाड्याची सायकल रस्त्याकडेला उभी करणं हा रस्त्याचा सर्वसाधारण वापर आहे, वेगळ्या परवानगीची गरज नाही. अकरा वर्षांनी, नोव्हेंबर २०२० मध्ये, डुसेलडॉर्फच्या प्रकरणात म्युन्स्टरच्या न्यायालयाने बरोबर उलटं म्हटलं. ती सायकल तिथे नुसती उभी नाही, गिऱ्हाइकाची वाट बघत उभी आहे. तेव्हा रस्ता धंद्यासाठी वापरला जातोय, आणि त्याला शहराची खास परवानगी लागेल. 'गिऱ्हाइकाची वाट बघत उभी असणं' हा मुद्दा आपल्या कुठल्याही रिक्षावाल्याला एका वाक्यात पटेल. रिक्षा उभी करणं वेगळं आणि रिक्षा लावणं वेगळं.

मला म्युन्स्टरचं म्हणणं पटतं. खास परवानगी लागते असं एकदा ठरलं की शहराला अटी घालता येतात. परवानगीच लागत नसेल तर विनवण्या करायच्या.

आरटीओच्या चाळणीतून निसटलेली गाडी

भारतात यात आणखी एक पेच आहे. केंद्राच्या मोटार वाहन नियमांनुसार मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर ती बॅटरीची गाडी कायद्याने 'मोटार वाहन'च नाही. त्यामुळे नोंदणी नाही, नंबरप्लेट नाही, चालवणाऱ्याला लायसन्स नाही, कायद्याने हेल्मेटची सक्ती नाही, विम्याची सक्ती नाही. भाड्याच्या छोट्या ई-स्कूटर नेमक्या याच मापात कापलेल्या असतात.

गोव्याशी ताडून बघा. पणजीत किंवा कळंगुटला पर्यटक जी स्कूटर भाड्याने घेतो तिच्या काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. ती पाटी सांगते की ही भाड्याने द्यायची गाडी आहे, हिला परवाना आहे, विमा आहे. पांढऱ्या पाटीची खासगी स्कूटर भाड्याने देणं बेकायदा, आणि त्यावरून गोव्यात कायम कुरबुरी चालू असतात. भाड्याने मोटारसायकल देण्याची केंद्राची योजना १९९७ पासून आहे. म्हणजे पेट्रोलच्या पाच-दहा स्कूटर भाड्याने देणाऱ्याला आरटीओचे उंबरे झिजवावे लागतात, आणि कमी वेगाच्या हजार ई-स्कूटर रस्त्यावर उतरवणाऱ्याला आरटीओचं दारही माहीत नसलं तरी चालतं.

सवलत द्यायला हरकत नव्हती. ताशी २५ ची गाडी सायकलच्या जवळची आहे. पण परिणाम असा की अशा गाडीवर ज्याची थोडीफार पकड राहते तो एकच, रस्त्याचा मालक. म्हणजे महापालिका, एमएमआरडीए, मेट्रो, विद्यापीठ, जो कोणी त्या जमिनीचा धनी असेल तो. २०२० मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात ई-स्कूटर आल्या त्या एमएमआरडीएच्या बरोबरीने, ते याचमुळे.

(गल्लत नको म्हणून: २०२५ मध्ये राज्याने नियम केले ते ई-बाईक टॅक्सीचे. तिथे चालवणारा दुसरा असतो आणि आपण मागे बसतो. तो विषय निराळा.)

अपघात झाला तर काय, हे या पेचाचं सगळ्यात अवघड टोक. मोटारीने धडक दिली तर जखमी माणूस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातो, आणि भरपाई सहसा विमा कंपनी देते. पण ठोकरणारी गाडी 'मोटार वाहन'च नसेल, तर तो रस्ता बंद. मग कंपनीवर किंवा चालवणाऱ्यावर साधा दिवाणी दावा लावायचा आणि तारखा मोजायच्या. जर्मनीने २०१९ मध्ये ई-स्कूटर रस्त्यावर येऊ दिल्या तेव्हा ताशी २० किलोमीटरची मर्यादा तर घातलीच, शिवाय प्रत्येक स्कूटरला विम्याचा स्टिकर सक्तीचा केला. आपल्याकडे महापालिका करारात 'तिसऱ्या माणसाला इजा झाल्यास भरपाईसाठीचा विमा गाड्या भाड्याने देणाऱ्या कंपनीनेच काढायचा' असं कलम घालू शकते. कुठल्याही शहरात अशी योजना येते तेव्हा मी आधी हे कलम आहे का ते विचारतो.

किती गाड्या? रिक्षावाल्यांना विचारा

शहराच्या हातातलं पहिलं हत्यार म्हणजे संख्या. २०१७ मध्ये आपल्या राज्याने रिक्षा परवान्यांवरची मर्यादा उठवली. तेव्हापासून 'रिक्षा फार झाल्या, धंदा वाटला गेला' ही तक्रार तुम्ही मागच्या सीटवरून ऐकली असेलच. दुसरीकडे, परवाने फार कमी असले की प्रवासी हात हलवत उभा राहतो. योग्य आकडा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतो, आणि तो कागदावर बसून सापडत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोची गोष्ट यात सांगण्यासारखी आहे. २०१८ च्या मार्चमध्ये तीन कंपन्यांनी एका रात्रीत शेकडो स्कूटर विनापरवाना फुटपाथवर आणून ठेवल्या. हिशेब असा की आधी लोकांना सवय लावू, मग शहर नाही म्हणणार नाही. लोकांनी तक्रारींचा पाऊस पाडला. शहराने नियम केला: ४ जूनपासून परवान्याशिवाय एकही स्कूटर दिसता कामा नये, अर्ज करा. बारा कंपन्यांनी अर्ज केले. ऑगस्टअखेर परवाने मिळाले फक्त दोघांना, सुरुवातीला प्रत्येकी ६२५ स्कूटरचे, आणि त्या दोघांत रांग मोडून आलेल्या तिघांपैकी कुणीही नव्हतं. माझ्यासारख्या रांगेत उभं राहणाऱ्या माणसाला ही बातमी वाचून जे समाधान मिळालं ते काय सांगू!

बऱ्याच शहरांनी पुढे हा आकडा लवचीक ठेवला. एका गाडीच्या दिवसाला किती फेऱ्या होतात ते बघायचं. चांगल्या होत असतील तर आणखी गाड्या आणू द्यायच्या. गाड्या नुसत्या उभ्या असतील तर कमी करायला लावायच्या. ऑस्लोने २०२१ मध्ये सगळ्या कंपन्यांच्या मिळून स्कूटर ८,००० पर्यंत खाली आणल्या आणि रात्री ११ ते पहाटे ५ भाड्याने देणंच बंद केलं. रात्रीचं कारण सांगायला नको. इस्पितळात येणारी मंडळी कुठून उठून येत होती हे उघड होतं.

जीपीएसला फुटपाथ दिसत नाही

दुसरं हत्यार पार्किंगचं, आणि खरी रस्सीखेच इथे आहे.

कंपन्या म्हणतात, 'आम्ही जिओफेन्सिंग करू.' म्हणजे नकाशावर एक अदृश्य कुंपण आखायचं. गाडी कुंपणाबाहेर गेली की वेग कमी होतो, किंवा चुकीच्या जागी सोडली तर भाडं चालूच राहतं. बागेभोवती, शाळेभोवती किंवा आख्ख्या चौकाभोवती असं कुंपण उत्तम चालतं.

पण जीपीएसची चूक सहज काही मीटरची असते, उंच इमारतींच्या मधल्या गल्लीत त्याहून जास्त. नव्या गावात गाडी बुक करताना नकाशातला निळा ठिपका तुम्हाला समोरच्या इमारतीच्या गच्चीवर उभं करतो ना, तेच. आता फुटपाथची रुंदी किती? आपल्याकडे सहा फूट मिळाला तरी नशीब. म्हणजे गाडी फुटपाथवर आडवी पडली आहे की शेजारच्या आखलेल्या चौकोनात नीट उभी आहे, यातला फरक तिला स्वतःलाच कळत नाही. काठीने चाचपडत येणाऱ्या अंध माणसाला मात्र तो फरक नडगीवर कळतो.

यावर उपाय चार-पाच निघाले. प्रवास संपवताना फोटो काढायला लावणं. लोक मग भिंतीचा, बुटाचा, कशाचाही फोटो टाकतात, त्यामुळे ते तपासणारं यंत्र लागतं. स्कूटरच्या कुलपाला केबल देऊन ती सायकलस्टँडच्या लोखंडाला बांधायला लावणं, जे सॅन फ्रान्सिस्कोने केलं. आणि सगळ्यात साधा, सगळ्यात परिणामकारक उपाय: रस्त्यावर पांढऱ्या रंगाने चौकोन आखायचा. पॅरिसने असे सुमारे २,५०० चौकोन आखले, पुष्कळसे मोटारींच्या पार्किंगची जागा काढून घेऊन. एका मोटारीच्या जागेत पाच-सहा स्कूटर आरामात मावतात. रंगाचा डबा जीपीएसपेक्षा स्वस्त आहे. फक्त मोटारवाल्यांची समजूत काढणं महाग पडतं.

माद्रिदचं गाडं याच मुद्द्यावर अडलं. २०२३ मध्ये तीन कंपन्यांना प्रत्येकी २,००० स्कूटरचे परवाने दिले होते. अट होती की गाडी ठरल्या जागेबाहेर सोडताच येऊ नये, तसं तंत्रज्ञान बसवा. शहराच्या मते ते कुणालाच नीट जमलं नाही, आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून परवाने रद्द झाले.

पाणी उताराकडेच जातं

हा भाग लोकांच्या लक्षात येत नाही म्हणून थोडं थांबतो. भाड्याच्या सायकली एका जागी टिकत नाहीत. सकाळी सगळ्या घरांकडून ऑफिसांकडे जातात. दहा वाजता ऑफिसबाहेर ढीग, आणि घराजवळ एकही नाही. त्यात चढ-उतार. पॅरिसमध्ये मोंमार्त्रच्या टेकडीवरून लोक वेलिब घेऊन मजेत उतरायचे आणि परत वर जायला मेट्रो पकडायचे. उपाय म्हणून ६० मीटरहून उंच ठिकाणच्या स्टँडवर सायकल नेऊन सोडणाऱ्याला १५ मिनिटं फुकट द्यायला सुरुवात झाली. आपल्या चांदणी चौकाकडच्या चढाने कोथरूडकडून वर सायकल मारून बघा, १५ मिनिटांत मन वळतं का ते कळेल.

म्हणून रात्री टेम्पोतून सायकली उचलून पुन्हा वाटाव्या लागतात. धंद्यात याला रीबॅलन्सिंग म्हणतात. माणसं, टेम्पो, डिझेल. पैसे कमी पडले की कंपनी आधी इथेच हात आखडते, आणि मग ढीग साचतात. त्यामुळे कसलेली शहरं करारात आकडा घालतात: तक्रार आल्यापासून अमुक तासांत गाडी हलली पाहिजे, नाहीतर शहर उचलेल आणि बिल तुम्हाला. वस्त्यांचंही कलम असतं. नाहीतर सगळ्या गाड्या श्रीमंत भागात आणि मेट्रोच्या दाराशी, आणि जिथे बस पोचत नाही तिथे एकही नाही.

"बाजारच ठरवेल ना! सरकार कशाला मध्ये?"

बाजाराला एकदा ठरवू दिलं होतं, चीनमध्ये. गायरानात प्रत्येकाने आपली एक म्हैस जास्त सोडली तर प्रत्येकाचा फायदा, आणि गवत कुणालाच नाही, तसं झालं. फुटपाथ फुकट, गुंतवणूकदारांचे पैसे मुबलक, आणि ज्याच्या सायकली जास्त दिसतील त्याचं अ‍ॅप लोक घेणार. २०१७ मध्ये एकट्या बीजिंगमध्ये भाड्याच्या २३.५ लाख सायकली होत्या. त्या वर्षी शांघाय आणि बीजिंग दोघांनी नव्या सायकलींना बंदी केली. शहरांच्या कडेला मोडक्या सायकलींचे डोंगर उभे राहिले. आकाशातून काढलेले ते रंगीबेरंगी फोटो तुम्ही पाहिले असतील.

वर अनामत रकमेचा घोटाळा. ओफो या मोठ्या कंपनीने प्रत्येकाकडून ९९ किंवा १९९ युआन ठेव घेतली होती. २०१८ च्या डिसेंबरमध्ये पैसे परत मागणाऱ्यांची ऑनलाइन रांग एक कोटीच्या वर गेली. भिशीवाला गायब झाल्यावर त्याच्या दारात जशी गर्दी होते तशी. २०१९ मध्ये चीनने नियम केला की ठेव घ्यायचीच असेल तर ती बँकेत वेगळ्या खात्यात राहील, कंपनीने धंद्यात वापरायची नाही.

"मग सरळ बंदी घाला!"

पॅरिसने घातली, पण कशी ते बघा. २ एप्रिल २०२३ ला शहराने नागरिकांना विचारलं: भाड्याच्या ई-स्कूटर हव्यात की नकोत? ८९ टक्के म्हणाले नकोत. मथळे तेवढेच छापून आले. मतदान किती झालं? साडेसात टक्क्यांच्या आसपास. सोसायटीच्या वार्षिक सभेला कोण येतं हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना नवल वाटणार नाही. लिकेजने वैतागलेले येतात. ज्यांचं बरं चाललंय ते घरी मॅच बघतात. स्कूटर वापरणारी विशी-पंचविशीची मुलं रविवारी केंद्रावर गेली नाहीत. ऑगस्टअखेर तीन कंपन्यांच्या मिळून १५,००० स्कूटर रस्त्यावरून गेल्या.

गेल्या त्या फक्त भाड्याच्या. स्वतःची ई-स्कूटर पॅरिसमध्ये आजही चालवता येते, आणि त्याच कंपन्यांपैकी काहींच्या भाड्याच्या सायकली तिथे आहेत. म्हणजे पॅरिसकरांनी वाहन नाकारलं नाही. मालक घरात नेऊन ठेवत नाही अशी वस्तू फुटपाथवर नको म्हणाले. स्वतःची स्कूटर माणूस लिफ्टमधून वर नेतो. भाड्याची जिथे कंटाळा येईल तिथे टाकतो.

"पण आपल्या मोटारी फुकटच उभ्या असतात, त्यांचं काय?"

हा आक्षेप रास्त आहे, आणि याचं चोख उत्तर माझ्याकडे नाही. फुटपाथवर आडवी पडलेली एक स्कूटर डोळ्यांत खुपते. त्याच रस्त्यावर दोन्ही बाजूंनी फुकट लावलेल्या दोनशे मोटारी दिसतही नाहीत, इतकी सवय झाली आहे. पुणे महापालिकेने २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केलं. विरोध झाल्यावर ते प्रयोग म्हणून मोजक्या रस्त्यांपुरतं उरलं आणि पुढे वर्षानुवर्षं रखडलं.

कंपन्या म्हणतात, मोटारीला फुकट आणि आम्हाला गाडीमागे शुल्क, हा कुठला न्याय? पॅरिसने सुरुवातीला एका स्कूटरमागे वर्षाला ५० ते ६५ युरो घेतले. ही रक्कम फार नाही. पण तत्त्वाचा प्रश्न उरतोच. माझ्यापुरतं सांगायचं तर, धंद्यासाठी जागा वापरणाऱ्याने पैसे द्यावेत, आणि मोटारवाल्यानेही द्यावेत. पहिलं करणं सोपं आहे म्हणून शहरं तिथून सुरुवात करतात. दुसऱ्याला हात लावायला नगरसेवकाला निवडणूक आठवते.

कुंडली कंपनीकडे, टिपण शहराकडे

गाड्या किती, कुठे, किती वेळ उभ्या, हे शहराला कळलं नाही तर वरचे सगळे नियम कागदावर. म्हणून लॉस एंजेलिसने २०१८ मध्ये ठरावीक साच्यात माहिती मागायला सुरुवात केली. प्रत्येक गाडीचा प्रवास कुठे सुरू, कुठे संपला. नाव नको, फक्त गाडी. कंपन्यांनी आणि खासगीपणाचा आग्रह धरणाऱ्यांनी हरकत घेतली. नाव नसलं तरी रोज सकाळी साडेआठला एकाच इमारतीपासून एकाच दवाखान्यापर्यंत जाणारी फेरी कुणाची, हे शेजाऱ्याला सहज ओळखता येतं. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२२ मध्ये अपिलातही शहराच्या बाजूने निकाल लागला. हरकत मात्र खोटी नव्हती. शहराला गर्दी मोजायला प्रत्येक फेरीचा शेवटचा मीटर लागत नाही. चौकापर्यंतची माहिती पुरते.

कंपनी गेल्यावर

पुण्यात २०१७ च्या डिसेंबरपासून सायकली आल्या त्या थाटामाटात, विद्यापीठात आणि औंधमध्ये. पाठोपाठ आणखी कंपन्या आल्या. शहराने त्याच सुमारास मोठा सायकल आराखडाही मंजूर केला होता. पण आराखड्यातले सलग सायकल मार्ग कागदावरून रस्त्यावर यायला वेळ लागतो, आणि सायकली मात्र आठवड्यात येतात. चोऱ्या झाल्या, सीट गेल्या, कुलपं फुटली, काही नदीपात्रात सापडल्या. ओफोने २०१८ च्या जुलैतच भारतातला गाशा गुंडाळला. बाकीच्यांपैकीही बऱ्याच पुढे दिसेनाशा झाल्या.

म्हणून जाणकार शहरं परवाना देतानाच कंपनीकडून अनामत घेऊन ठेवतात: तुम्ही बुडालात किंवा निघून गेलात तर तुमच्या गाड्या उचलायचा खर्च यातून. लग्नाच्या हॉलवाला सजावटीच्या आधी डिपॉझिट घेतो तसंच.

औंधच्या त्या इमारतीत मी दोन वर्षांनी पुन्हा गेलो. अ‍ॅप बंद पडलं होतं, त्यामुळे कंपनीचं कुलूप आता कुणालाच उघडता येत नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा बारावी होऊन बाहेरगावी गेला होता, तेव्हा साखळीची किल्लीही गेली. सायकल जिन्याखालीच होती, दोन्ही कुलपांसकट. वॉचमनकाकांनी तिच्या हँडलला पावसाळ्याची छत्री अडकवून ठेवली होती.